यादीत अशोकाची जागा : गार्डन रीचच्या दोन काठांवरील क्रमलावणीचा इतिहास

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळी नदी जेथे वळण घेते, त्या पट्ट्याला गार्डन रीच म्हणतात. आज तेथे गोदी आहे, जहाजबांधणीचा कारखाना आहे आणि दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र या काठावर कंपनी सरकारच्या बड्या अधिकाऱ्यांचे बंगले आणि त्यांच्या बागा होत्या. त्यांपैकी एका बंगल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स राहत. समोरच्या काठावर, शिवपूर येथे, १७८७ साली लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने कंपनीची वनस्पतिबाग उभी राहिली. जहाजांसाठी साग, व्यापारासाठी मसाले आणि दुष्काळात उपयोगी पडतील अशी अन्नझाडे वाढवणे, हा तिचा मूळ हेतू होता.

बागेत झाडे जमू लागली की लवकरच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो माळीकामाचा नसतो. झाडांची यादी कोणत्या क्रमाने लिहायची? नावाच्या पहिल्या अक्षरानुसार, की फुलाच्या रचनेनुसार? रोप बागेत आले त्या तारखेनुसार, की केवळ एक, दोन, तीन असे आकडे घालून? हा प्रश्न कारकुनी वाटतो. परंतु गार्डन रीचच्या या दोन काठांवर पुढील साठ वर्षांत त्याची चार निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि प्रत्येक उत्तराची काही ना काही किंमत मोजावी लागली. अशोकाचे एकच झाड हाती धरून हा प्रवास पाहता येतो.

क्रम लावल्याने काय मिळते?

आधी थोडे गणित. समजा, ३,५०० नावांची यादी कोणत्याही क्रमाविना लिहिलेली आहे. तिच्यात एक नाव शोधायचे तर सरासरीने सुमारे १,७५० नावे वाचावी लागतात. तीच यादी ठरलेल्या क्रमाने लावलेली असेल, तर ती मधोमध उघडावी; हवे ते नाव अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहावे; उरलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध उघडावा. दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे होते. २ चा बारावा घात ४,०९६ असल्यामुळे ३,५०० नावांत जास्तीत जास्त बारा वेळा पाहिले की काम होते. यादी वीस लाख नावांची असली, तरी एकवीस वेळा पुरते.

मात्र हा लाभ मिळण्यासाठी एक अट आहे. यादी लावणारा आणि यादीत शोधणारा, या दोघांना क्रमाचा नियम सारखाच ठाऊक हवा. कोणतीही दोन नावे समोर ठेवली की त्यांतले अलीकडचे कोणते, याचे उत्तर दोघांनी एकच दिले पाहिजे. पुढील सारा इतिहास या एका अटीभोवती फिरतो.

अमरकोशाचा क्रम

भारतात याद्यांची परंपरा जुनी आहे. पण ती आद्याक्षरांची नाही. अमरकोशातील शब्द विषयानुसार वर्गांत बांधलेले आहेत. झाडांची व औषधींची नावे दुसऱ्या कांडातील वनौषधिवर्गात येतात. कोश पाठ करायचा असल्यामुळे शब्दांचा क्रम छंदाने आणि अर्थाने ठरतो. ज्याला ग्रंथ मुखोद्गत आहे, त्याला पाने उलटण्याची गरजच पडत नाही. याच कोशाच्या तिसऱ्या कांडातील अनेकार्थी शब्द तर अंत्य व्यंजनानुसार लावलेले आहेत : आधी ककारान्त, मग खकारान्त, मग गकारान्त. शब्दाच्या शेवटाकडून लावलेली ही यादी आजच्या वाचकाला उलटी वाटेल. श्लोक रचणाऱ्याला आणि पाठ करणाऱ्याला ती सोयीची होती.

शिवकाळात रचलेल्या राज्यव्यवहारकोशाची मांडणीही अशीच वर्गांची आहे. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. गडावरच्या कारभाऱ्याला गडासंबंधीचे सगळे शब्द एके ठिकाणी सापडावेत, हे त्यामागचे धोरण. वर्गाने लावलेली यादी वस्तूंमधले नाते दाखवते. आद्याक्षराने लावलेली यादी ते नाते मोडते आणि त्याच्या बदल्यात शोध सोपा करते. ही देवाणघेवाण सर्वच याद्यांना करावी लागते.

वर्णमालेचाही क्रम एकच एक नाही. ‘क’पासून ‘म’पर्यंतची पंचवीस व्यंजने पाच ओळी आणि पाच रकाने अशा चौकटीत बसतात. ओळी उच्चारस्थानाच्या, म्हणजे कंठापासून ओठांपर्यंत. रकाने अघोष, महाप्राण, घोष आणि अनुनासिक अशा उच्चारप्रकारांचे. पाणिनीय परंपरेतील चौदा शिवसूत्रांत मात्र हेच वर्ण निराळ्या क्रमाने येतात आणि ‘ह’ दोनदा येतो. व्याकरणाच्या नियमांत वर्णांचे जे गट पुनःपुन्हा लागतात, ते सलग राहावेत म्हणून ही मांडणी केलेली आहे. जर्मन संशोधिका वीबके पीटरसन यांनी २००४ साली गणिताने दाखवून दिले की, हे गट सलग ठेवायचे असतील तर एखाद्या वर्णाची पुनरुक्ती टळत नाही. शिकवण्यासाठी एक क्रम आणि नियम बांधण्यासाठी दुसरा, हे येथे फार पूर्वीपासून ज्ञात होते.

जोन्स : देवनागरीची प्रशंसा, रोमन क्रम

विल्यम जोन्स १७८३ साली कोलकात्यास आले आणि १५ जानेवारी १७८४ रोजी त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ साली निघाला. त्यात पौर्वात्य शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत, यावर त्यांचा प्रबंध आहे. देवनागरीची वर्णव्यवस्था इतर कोणत्याही वर्णमालेपेक्षा अधिक नैसर्गिक रीतीने लावलेली आहे, असे मत त्यांनी त्यात नोंदवले. मालेच्या दुसऱ्या खंडात भारतीय वनस्पतींवरील ग्रंथाची योजना मांडताना त्यांनी आग्रह धरला, की या झाडांची संस्कृत नावे टिकवावीत. लिनियसला ही भाषा येत असती तर त्यानेही तीच स्वीकारली असती, अशी त्यांची खात्री होती.

गार्डन रीचच्या घरी ते फुले उकलून पाहत. २७ एप्रिल १७९४ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा योजलेला ग्रंथ अपुरा होता. मालेच्या चौथ्या खंडात, १७९५ साली, त्यांनी केलेली भारतीय वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली. संस्कृत नाव आधी आणि जमेल तेथे लिनियसच्या पद्धतीचे प्रजातिनाम नंतर, असे तिचे स्वरूप आहे. त्या काळी हे मोठे धाडस होते. स्थानिक नावाला यादीत पहिला रकाना मिळाला.

पण क्रम? तो रोमन अक्षरांचा आहे. यादीचा आरंभ आकाशवल्ली, अच्युत, आक्रांती, अक्ष असा होतो. देवनागरी जाणणाऱ्याने हीच चार नावे लावली असती तर क्रम अक्ष, अच्युत, आकाशवल्ली, आक्रांती असा झाला असता. फरक कोठून आला? जोन्स ‘क’साठी रोमन ‘सी’ वापरत आणि ‘च’साठी ‘सी’ व ‘एच’ ही जोडी. त्यामुळे ज्यांना वर्णमालेत वेगवेगळे वर्ग आहेत, ते ‘क’ आणि ‘च’ या यादीत एकाच अक्षराखाली येतात. कदंब, केतक, मग मध्येच चंदन, नंतर पुन्हा कुमुद, असा गुंता होतो. ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ यांतला भेद चिन्हाने दाखवलेला आहे. परंतु क्रम लावताना त्या चिन्हाला वजन नाही.

ज्याने देवनागरीच्या क्रमाची प्रशंसा केली, त्याचीच यादी दुसऱ्या लिपीच्या क्रमाने लागली. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. यादी वाचणारे लोक लंडन, एडिंबरा आणि पॅरिस येथे होते, आणि त्यांना ठाऊक असलेला क्रम तोच होता. क्रम ठरतो तो वाचकावरून, वस्तूवरून नव्हे. मात्र ज्या पंडितांनी ही नावे सांगितली, त्यांना त्या यादीत आपलेच शब्द सहज सापडले नसते.

या यादीत अशोक पहिल्याच अक्षराखाली येतो. त्याच चौथ्या खंडात विल्यम रॉक्सबर्ग यांनी अशोकाचे शास्त्रीय वर्णन केले आणि दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ त्याला ‘जोनेसिया असोका’ असे नाव दिले. नामाचा पहिला शब्द न्यायाधीशाचा, दुसरा झाडाचा स्वतःचा.

रॉक्सबर्ग आणि कॅरी : पुंकेसरांची मोजणी

किड यांच्या मृत्यूनंतर, १७९३ च्या अखेरीस, रॉक्सबर्ग बागेचे अधीक्षक झाले. त्यांच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत बाग वनस्पतींनी भरली. प्रकृती ढासळल्यामुळे १८१३ साली ते भारत सोडून गेले. बागेतील वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८१४ साली ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली गेली. सुमारे ३,५०० वनस्पतींची ही यादी प्रकाशनासाठी सिद्ध केली विल्यम कॅरी यांनी.

मराठी वाचकाला कॅरी परके नाहीत. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत. वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी ठशांत छापलेला मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. रॉक्सबर्ग यांनी त्यांच्या नावावरून ‘करेया’ ही प्रजाती स्थापिली. सह्याद्रीतला कुंभा तो हाच. शब्दांचा कोश आणि झाडांची यादी या दोन्हींची क्रमलावणी हाताळलेला असा दुसरा माणूस त्या काळी शोधून सापडणे कठीण.

दोन्ही कामांत क्रम मात्र निराळा. ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’मध्ये झाडे लिनियसच्या पद्धतीने लागली आहेत. फुलातील पुंकेसर मोजायचे. एक असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा. मग स्त्रीकेसरांवरून पोटविभाग. कर्दळ, आले आणि हळद यांच्या फुलांत कार्यक्षम पुंकेसर एकच, म्हणून ती पहिल्या वर्गात. अशोकाच्या फुलात पुंकेसर बहुधा सात, म्हणून तो सातव्या वर्गात. प्रत्येक झाडापुढे शास्त्रीय नाव, देशी नाव, मूळ प्रदेश, रोप देणाऱ्याचे नाव, बागेत आल्याचे साल, फुलण्याचा व फळण्याचा हंगाम असे रकाने आहेत.

या पद्धतीचा मोठा गुण असा की नाव ठाऊक नसतानाही शोध घेता येतो. अनोळखी फूल हाती आले, पुंकेसर मोजले, की यादीचे नेमके पान उघडता येते. आद्याक्षराच्या यादीत हे शक्य नाही; तेथे नाव ठाऊक असल्याविना दारच उघडत नाही. दोष मात्र नात्यांचा. ऊस आणि भात दोन्ही तृणकुलातले. पण उसाच्या फुलात तीन पुंकेसर आणि भाताच्या फुलात सहा, म्हणून ते यादीत दूरदूर जातात. उलट जाई आणि मिरी, ज्यांचा परस्परांशी जवळचा संबंध नाही, दोन पुंकेसरांमुळे एका वर्गात बसतात.

दुसरा दोष अधिक महागात पडला. ही यादी होती. तीत वर्णने नव्हती. वनस्पतींच्या नामकरणाचे आजचे नियम सांगतात, की वर्णनाविना किंवा आधीच्या वर्णनाच्या संदर्भाविना छापलेले नवे नाव वैध ठरत नाही. रॉक्सबर्ग यांनी लिहिलेली वर्णने ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात होती. तो त्यांच्या हयातीत निघालाच नाही. १८१५ साली ते वारले. ग्रंथाचे दोन खंड १८२० व १८२४ मध्ये आणि संपूर्ण आवृत्ती १८३२ साली कॅरी यांच्या देखरेखीखाली निघाली. नुसत्या यादीत पहिले आलेले नाव शास्त्राच्या लेखी पहिले ठरत नाही. यादी वस्तूची जागा दाखवते. वस्तू म्हणजे नेमके काय, हे तिला सांगता येत नाही.

वॉलिक : केवळ आकडा

रॉक्सबर्ग यांच्यानंतर डॅनिश शल्यवैद्य नॅथॅनिएल वॉलिक यांनी दीर्घकाळ बाग सांभाळली. १८२८ साली ते कंपनीच्या वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह घेऊन लंडनला गेले. तो संग्रह युरोपभरच्या अभ्यासकांना वाटायचा होता. त्यासाठी त्यांनी हाताने लिहून शिळाछापाने काढलेली यादी ९,१४८ क्रमांकांपर्यंत पोहोचली.

येथे क्रमाचा विचारच बदलला. एका वनस्पतीला एक आकडा; तीच वनस्पती निरनिराळ्या ठिकाणांहून आली असेल तर आकड्यापुढे एकेक अक्षर. नाव चुकले, प्रजाती बदलली, वर्गीकरणाची पद्धत कालबाह्य झाली, तरी आकडा ढळत नाही. लंडनमधला आणि जिनिव्हातला अभ्यासक एकाच क्रमांकाचा नमुना हाती घेऊन बोलत असतील, तर ते एकाच वनस्पतीविषयी बोलत आहेत, एवढे निश्चित. आजही वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत वॉलिक यांच्या यादीतील क्रमांक उद्धृत होतात. यातील कित्येक नावेही वर्णनाविनाच छापली गेली होती आणि म्हणून वैध ठरली नाहीत. आकडे मात्र टिकले.

आकडा वस्तूची ओळख पक्की करतो. पण तो मुका असतो. अमुक क्रमांक म्हणजे गवत की नेचा, हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी नावांची सूची वेगळी करावी लागते. ओळख पटवणे, शोधणे आणि नाते दाखवणे ही तीन निराळी कामे आहेत, हे वॉलिक यांच्या यादीने उघड केले. जोन्स यांची यादी शोधासाठी होती, रॉक्सबर्ग यांची वर्गीकरणासाठी, वॉलिक यांची ओळखीसाठी. एकाच क्रमाने तिन्ही कामे साधत नाहीत.

ग्रिफिथ : जमिनीवर उतरवलेली यादी

१८४२ ते १८४४ या काळात वॉलिक रजेवर असताना विल्यम ग्रिफिथ यांच्याकडे बागेचा कारभार आला. ग्रिफिथ तरुण होते, सूक्ष्मदर्शकाच्या कामात निष्णात होते आणि वनस्पतींच्या कुलांची नैसर्गिक नाती दाखवणाऱ्या नव्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. बाग हा शास्त्राचा ग्रंथ असेल तर त्याची पाने शास्त्राच्या क्रमाने लागलेली हवीत, असे त्यांना वाटे. त्यांनी बागेची फेरमांडणी आरंभली.

कागदावर यादी बदलताना एक ओळ खोडून दुसरीकडे लिहिता येते. साठ वर्षांचे झाड उचलून दुसऱ्या वाफ्यात लावता येत नाही. जुनी लागवड तुटत गेली. १८४४ साली वॉलिक परतले तेव्हा आपण उभी केलेली बाग त्यांना ओळखू येईना. ग्रिफिथ मलाक्का येथे गेले आणि तेथे फेब्रुवारी १८४५ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांचा अंत झाला. ज्या क्रमासाठी झाडे तोडली गेली, तो पूर्ण झालाच नाही.

जानेवारी १८४८ मध्ये जोसेफ हुकर कोलकात्यास आले. गार्डन रीचवर त्या वेळी दुसरे एक न्यायाधीश, सर लॉरेन्स पील, राहत; त्यांच्याकडे हुकर पाहुणे होते आणि पील यांची बाग पाहून प्रसन्न झाले होते. नदी ओलांडून सरकारी बागेत गेल्यावर मात्र त्यांना खेद वाटला. नामांकित सायकसची रांग आणि साग, महोगनी, लवंग, जायफळ, दालचिनी यांच्या राया नाहीशा झाल्याची नोंद त्यांनी आपल्या हिमालयप्रवासाच्या ग्रंथात केली आहे.

ग्रिफिथ यांचा सिद्धांत चुकीचा नव्हता. नैसर्गिक पद्धतच पुढे मान्य झाली. स्वतः हुकर यांनी १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत काढलेला ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ त्याच विचाराचा आहे. तीत अशोक सात पुंकेसरांच्या सोबत्यांना सोडून शिंबावंत कुलात, चिंचेच्या आप्तांत आला. चूक होती ती वस्तूचे स्थान आणि यादीतील स्थान एकच असले पाहिजे, या समजुतीत. ग्रंथालयशास्त्र, संगणकशास्त्र आणि संग्रहालये यांना हा धडा पुढे अनेकदा गिरवावा लागला. पुस्तक फडताळात एकाच जागी राहते. त्याच्या सूच्या कितीही करता येतात.

मराठीतील तोच प्रश्न

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, तेव्हा ही देवाणघेवाण त्यांच्यासमोरही होती. पहिले पाच प्रस्तावनाखंड त्यांनी विषयवार लिहिले. पाचवा तर ‘विज्ञानेतिहास’ याच नावाचा. सहाव्या खंडापासून अकारविल्हे नोंदी सुरू होतात, आणि अखेरीस सूचीचा स्वतंत्र खंड आहे. नाते दाखवण्यासाठी एक मांडणी, शोधण्यासाठी दुसरी, आणि दोन्हींना जोडणारी सूची. ग्रिफिथ यांना जमिनीवर जे साधले नाही, ते केतकरांनी कागदावर साधले.

अकारविल्हे म्हटल्याने मात्र क्रम पूर्णपणे ठरत नाही. ‘अंक’ हा शब्द घ्या. शाळेच्या तक्त्यात अं आणि अः स्वरांच्या शेवटी येतात. त्या हिशेबाने ‘अंक’ हा ‘औषध’च्या पुढे जायला हवा. संस्कृत कोशांत अनुस्वाराच्या जागी परसवर्ण धरून तो ‘अङ्क’ असा ‘ङ’च्या ठिकाणी लावतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड मात्र ‘अंक’नेच उघडतो. तिन्ही क्रम नियमबद्ध आहेत. तिन्हींत शब्दाची जागा वेगळी.

‘ळ’ची गोष्टही तशीच. मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर ‘ळ’ येतो आणि त्यानंतर ‘क्ष’ व ‘ज्ञ’. म्हणून काल, कालवा, काव्य, काही, काळ, काळजी हा मराठी क्रम. संगणकाच्या युनिकोड संकेतप्रणालीत मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगतचा क्रमांक मिळाला आहे. संगणकाने नुसते संकेतांक पाहून शब्द लावले तर काल, कालवा, काळ, काळजी, काव्य, काही असा क्रम येतो. ‘क्ष’ला तर स्वतंत्र संकेतांकच नाही, तो ‘क’, हलन्तचिन्ह आणि ‘ष’ यांचा समुच्चय. त्यामुळे ‘क्षमा’ हा शब्द वर्णमालेच्या शेवटी न जाता ‘क्रम’ आणि ‘क्लेश’ यांच्या पाठीमागे ‘क’मध्येच बसतो.

यात संकेतप्रणालीचा दोष नाही. संकेतांक म्हणजे वॉलिक यांचा आकडा. त्याने अक्षराची ओळख पटते. क्रमाचे नियम त्याहून वेगळे, प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र लिहावे लागतात, आणि मराठीसाठी ‘ह’, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हा क्रम सांगणारे नियम युनिकोडच्या भाषानिहाय संग्रहात नोंदवलेले आहेत. अडचण तेव्हा होते, जेव्हा एखादी आज्ञावली लिहिणारा ते नियम वापरायचे विसरतो. मग हजेरीपटातला ‘क्षीरसागर’ भलत्याच जागी जातो आणि शोधणाऱ्याला वाटते, की नाव यादीत नाहीच. यादीत असूनही न सापडणे आणि यादीत नसणे, यांत शोधणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

शिवपूर, आज

शिवपूरच्या बागेला २००९ सालापासून आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. तिच्या आवारातील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात सुमारे वीस लाख वाळवलेले नमुने जपलेले आहेत. १ जुलै २०२२ रोजी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ या संकेतस्थळाचे कोलकात्यात उद्घाटन झाले. तेव्हा त्यात सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. प्रत्येक प्रतिमेच्या मुळाशी एक अचल ओळखक्रमांक, आणि त्यावर कुल, प्रजाती, प्रदेश, संग्राहक अशा हव्या तितक्या सूच्या. झाड हलवावे लागत नाही. नमुन्याचा कागदही हलवावा लागत नाही.

तरीही प्रश्न संपत नाही. अशोकाची ‘जोनेसिया’ ही प्रजाती पुढे ‘साराका’ या आधीपासूनच्या प्रजातीत विलीन झाली. शास्त्रीय नावांच्या रोमन यादीत झाड एका अक्षराकडून दुसऱ्या अक्षराकडे गेले. मराठी नावाने शोधावे, तर महाराष्ट्रातील शाळांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात ‘अशोक’ म्हणून जे उंच, सरळ, लोंबत्या पानांचे झाड लावलेले असते, ते सीताफळाच्या कुलातले. खरा अशोक नव्हे. औषधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या अशोकाच्या सालीत या झाडाच्या सालीची भेसळ होते, हे औषधिविज्ञानात सर्वज्ञात आहे. नावाने लावलेल्या यादीत ही दोन झाडे एकाच ओळीवर येतात. त्यांना वेगळे करण्यासाठी ओळखक्रमांक लागतो, वर्णन लागते, आणि अखेरीस फूल हातात घेऊन पाहणारा माणूस लागतो.

जोन्स, रॉक्सबर्ग, कॅरी, ग्रिफिथ या चौघांचेही पहिले नाव विल्यम. पहिल्या नावाने यादी लावली तर हे चारही जण एका जागी येतात. आडनावाने लावली तर चार दिशांना जातात. मृत्यूच्या सालाने लावली तर जोन्स पहिले आणि ग्रिफिथ सर्वांत शेवटी. यांतला कोणताही क्रम खोटा नाही. प्रत्येक क्रम एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून यादी करायला बसणाऱ्याने पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एवढे ठरवावे, की ही यादी कोण उघडणार आहे आणि येताना त्याला काय ठाऊक असणार आहे : झाडाचे नाव, झाडाचे फूल, की केवळ एक आकडा.

‘जोनेसिया’ गेले, ‘साराका’ आले. नामातला दुसरा शब्द, ‘असोका’, १७९५ साली होता तोच आजही आहे.